एका घरात तीन वयं, एकच लस आणि रोजची दहा मिनिटं: मेलबर्नमधलं एक प्रकरण

८ एप्रिल २०२१, गुरुवार. संध्याकाळी सातनंतर कॅनबेरात पंतप्रधान स्कॉट मॉरिसन, आरोग्यमंत्री ग्रेग हंट, आरोग्य सचिव ब्रेंडन मर्फी आणि चीफ मेडिकल ऑफिसर पॉल केली अचानक प्रेससमोर आले आणि सांगितलं की रक्ताच्या गुठळ्यांच्या एका दुर्मीळ त्रासामुळे पन्नाशीच्या आतल्यांना ॲस्ट्राझेनेकापेक्षा फायझर दिलेली बरी, असा अटागीचा सल्ला आलाय. अटागी म्हणजे लसींबद्दल सरकारला सल्ला देणारी तज्ज्ञांची समिती. तोवर बहुतेकांनी हे नाव ऐकलंसुद्धा नव्हतं, आणि पुढचे चार महिने ते नाव प्रत्येक घरात जेवणाच्या टेबलावर होतं.

अडचण अशी की ऑस्ट्रेलियाचा सगळा भरवसा ॲस्ट्राझेनेकावरच होता. ती इथेच, मेलबर्नच्या ब्रॉडमेडोजला सीएसएल या औषध कंपनीच्या कारखान्यात बनत होती, पाच कोटी डोस तिथेच बनवायचं ठरलं होतं. फायझर बाहेरून येणार, तीही थोडी थोडी. म्हणजे जी लस हाताशी आहे ती निम्म्या लोकांना नको आणि जी हवी ती नाही, असं एका रात्रीत झालं.

तेव्हा इथे सव्वासात म्हणजे पुण्यात दुपारचे पावणेतीन. आणि त्याच आठवड्यात महाराष्ट्रात लसीचा साठा संपत आला म्हणून केंद्रं बंद होत होती, आरोग्यमंत्री राजेश टोपे जेमतेम तीन दिवसांचा साठा उरलाय म्हणून सांगत होते, लोक उन्हात रांगा लावून कोविशील्डची वाट बघत होते. कोविशील्ड म्हणजे हीच ॲस्ट्राझेनेका, हडपसरच्या सीरममध्ये बनलेली. एकच लस, तिथे मिळत नाही म्हणून जीव खालीवर आणि इथे टोचतील म्हणून. हे दोन्ही एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच तासात आलं की डोक्याचं काय होतं ते आमच्यापैकी ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मी हे जे लिहितेय ते एका घराचं प्रकरण आहे, त्यांना विचारून, नावं गाळून. रोजच्या बातम्यांच्या पॉडकास्टचा माणसाला नक्की उपयोग काय होतो आणि तो कुठे कमी पडतो, हे मला इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

घर टार्नीटचं. मेलबर्नच्या पश्चिमेला विंडम भागात आपली मंडळी भरपूर, त्यातलंच एक. नवरा ४३ वर्षांचा, बायको ३८ आणि नवऱ्याची आई ६७. काकू जानेवारी २०२० मध्ये नातीच्या जन्मासाठी व्हिजिटर व्हिसावर आल्या, मार्चमध्ये बॉर्डर बंद झाली, विमानं थांबली आणि त्या इथेच राहिल्या, व्हिसा वाढवत वाढवत. २०२० चा मेलबर्नचा तो लांबलेला लॉकडाऊन, पाच किलोमीटरची हद्द, रात्री आठपासूनचा कर्फ्यू, सगळं त्यांनी या घरातच काढलं. काकूंचा भाऊ पुण्यात, ७१ चा, त्याने मार्चमध्येच कोविशील्डचा पहिला डोस घेतलेला. तर ४३, ३८ आणि ६७, ही तीन वयं लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्यावर फिरतं.

ऐकायचे काय

ऑस्ट्रेलियात रोजचा न्यूज पॉडकास्ट ही सवय तशी नवीनच. अमेरिकेत २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचं द डेली आलं, ते चाललं, मग इथे एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेने २०१८ मध्ये द सिग्नल काढलं, २०१९ मध्ये श्वार्ट्झ मीडियाचं सेव्हन एएम आलं, त्याच वर्षी गार्डियन ऑस्ट्रेलियाचं फुल स्टोरी. द स्क्विझवाल्यांचं थोडक्यात सगळ्या बातम्या सांगणारं स्क्विझ टुडे होतं. दोन जाती आहेत यात. एकात दिवसभराच्या बातम्या आठ दहा मिनिटांत भराभर उरकतात. दुसऱ्यात एकच विषय घेऊन पत्रकाराशी किंवा जाणकाराशी पंधरा वीस मिनिटं बोलतात. ट्रेनमध्ये, गाडीत, वेस्ट गेट ब्रिजच्या ट्रॅफिकमध्ये लोक ऐकायचे, आणि लॉकडाऊनमध्ये ट्रेन सुटली तरी ऐकणं सुटलं नाही, ते चालायला जायच्या तासात किंवा किचनमध्ये सरकलं.

या घरात मुख्य होतं ते कोरोनाकास्ट. एबीसीने मार्च २०२० मध्ये सुरू केलेलं, सोमवार ते शुक्रवार, साधारण दहा मिनिटांचं. डॉ. नॉर्मन स्वान आणि टेगन टेलर बोलणार, निर्माता विल ऑकेंडन. स्वान हे मूळचे स्कॉटलंडचे डॉक्टर, रेडिओवर हेल्थ रिपोर्ट चालवण्यात त्यांची कित्येक दशकं गेलीत. १९८८ मध्ये त्यांना गोल्ड वॉकली हा ऑस्ट्रेलियातला पत्रकारितेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, विल्यम मॅकब्राइड या बड्या डॉक्टरने संशोधनात केलेली फसवणूक बाहेर काढल्याबद्दल. हा मॅकब्राइड म्हणजे थॅलिडोमाइड या, गरोदरपणात घेतल्यास बाळात व्यंग आणणाऱ्या औषधाच्या धोक्याची सूचना देऊन जगभर गाजलेला माणूस, म्हणजे ज्याच्यावर बोट ठेवायला कुणी धजत नव्हतं त्याच्यावर ठेवलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण औषधाबद्दल सरकार काय म्हणतं आणि पुरावा काय म्हणतो या दोन गोष्टी वेगळ्या धरायची या माणसाला जुनी सवय, आणि लोकांचा विश्वास होता तो त्यावर.

कार्यक्रमाची रीत साधी. लोक प्रश्न पाठवायचे, टेगन ते वाचायची, स्वान उत्तर द्यायचे, आणि उत्तर फारच डॉक्टरी झालं की ती मध्येच अडवून साध्या भाषेत विचारायची. प्रेस कॉन्फरन्समध्ये पत्रकार प्रश्न विचारतात ते मंत्र्याला कोंडीत पकडायला, ते त्यांचं कामच आहे. पण मी ४३ चा आहे, मला दमा आहे, मी काय करू, हा प्रश्न तिथे कोण विचारणार.

ओट्यावरची दहा मिनिटं

सकाळी साडेसात वाजता सून फोन ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून लावायची. एकीकडे चहा, एकीकडे पोळ्या, काकू खुर्चीत नातीला मांडीवर घेऊन. काकूंना इंग्रजी कळतं, त्या शाळेत शिक्षिका होत्या, पण स्वानांचं ते स्कॉटिश वळणाचं बोलणं त्यांना जड जायचं आणि टेगन भराभर बोलते. म्हणून मग काकू म्हणायच्या, थांबव गं. सून पिठाच्या हाताने, कोपराने, कशाने तरी पॉज करायची आणि सांगायची, आई, ते म्हणतायत की असं असं. मग काकूंचा प्रश्न. मग त्यावर नवरा आतून काहीतरी ओरडून सांगणार. मग पुन्हा प्ले. दहा मिनिटांचा एपिसोड संपायला पंचवीस मिनिटं लागायची.

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. टीव्हीवरची प्रेस कॉन्फरन्स थांबवून सासूबाईंना समजावून कोण सांगतं? ती आपली पुढे पळत असते. पेपर वाचायचा तर ज्याने त्याने वाचायचा. इथे एक आवाज घरात येतो, सगळे एकाच वेळी ऐकतात, थांबवतात, वाद घालतात आणि उद्या तोच आवाज परत येतो. परदेशातल्या आपल्या घरांत जिथे तीन पिढ्या आणि तिघांची इंग्रजी तीन तऱ्हेची, तिथे त्या पॉज बटणाची किंमत फार मोठी आहे. पॉडकास्ट बनवणारे ऐकणारा माणूस एकटा आहे, कानात इअरफोन आहेत असंच धरून चालतात, पण आमच्याकडे तो असा घरभर ऐकला गेला.

तर ९ एप्रिलची सकाळ. पण त्याआधी ती रात्र गेली, आणि त्या रात्रीने घोळ घातला. संध्याकाळची घोषणा आणि सकाळचा एपिसोड यांच्यामध्ये दहा बारा तास असतात आणि ते मोकळे राहत नाहीत. त्या रात्री ग्रुपवर युरोपातल्या बातम्यांचे स्क्रीनशॉट आले, कुणाच्या तरी ओळखीच्या डॉक्टरचा ऑडिओ आला, लस घेऊ नका असं थेट सांगणारा, आणि पुण्याहून भावाचा फोन की अगं मी तर घेऊन बसलोय आता माझं काय. काकू रात्रभर झोपल्या नाहीत, स्वतःसाठी नाही, भावासाठी.

सकाळी जे ऐकलं आणि त्या आठवड्यात रोज जे ऐकत गेले त्यातून या घराला समजलेली गोष्ट अशी. त्या आजाराचं नाव टीटीएस, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होतात, म्हणजे नेहमीच्या गुठळीपेक्षा वेगळी भानगड. लस घेतल्यावर चार ते वीस दिवसांत होते. तेव्हाचा अंदाज दहा लाखांत चार ते सहा जणांना. तरुणांत थोडी जास्त दिसत होती. आणि दुसऱ्या पारड्यात काय, तर कोविड झाला तर वयाप्रमाणे काय होतं ते. आता इथे खरी मेख आहे. एप्रिल २०२१ मध्ये मेलबर्नच्या रस्त्यावर कोविड जवळपास नव्हताच. बॉर्डर बंद, बाहेरून येणारा चौदा दिवस हॉटेलात. म्हणून ३८ वर्षांच्या बाईला इथे कोविडचा धोका त्या घडीला इतका कमी की लसीचा तो अगदी बारीक धोकासुद्धा मोजण्यात येतो. पुण्यात त्याच दिवशी लाट अंगावर आलेली, तिथे ७१ च्या माणसासाठी हिशोब करायचीही गरज नव्हती, लस घेतली तेच बरोबर.

म्हणजे एकाच लसीबद्दल दोन शहरांत दोन उत्तरं आणि दोन्ही बरोबर. हे एका वाक्यात सांगता येत नाही. हेडलाइनमध्ये तर नाहीच नाही. सुनेने हे काकूंना ओट्याशी उभं राहून सांगितलं, पॉज करून करून, आणि काकूंनी दुपारी भावाला फोन करून सांगितलं की तू घेतलीस ते योग्य केलंस, दुसरा डोस चुकवू नकोस. नंतर मे महिन्यात भारत सरकारच्या समितीचा आकडा आला, तिथे अशा शक्य वाटणाऱ्या केसेस दहा लाख डोसमागे ०.६१. पण तो यायच्या आधीच भाऊ शांत झाला होता आणि ते झालं बहिणीच्या फोनमुळे.

तिघांची तीन उत्तरं

काकूंचं उत्तर खरं तर सोपं होतं. वय ६७, पन्नाशीच्या वर, ॲस्ट्राझेनेका घ्या. ३ मेपासून पन्नाशीपुढच्या सगळ्यांना ती खुली झाली. पण बघा, त्याच सोमवारी, ३ मेला, ऑस्ट्रेलियाने दुसरा नियम लागू केला, गेल्या चौदा दिवसांत भारतात असलेला माणूस, मग तो ऑस्ट्रेलियन नागरिक का असेना, इथे आला तर गुन्हा. पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. १५ मेपर्यंत होता तो नियम. या घरात त्या दिवशी लसीबद्दल कुणी बोललंच नाही. काकू म्हणाल्या की उद्या भावाला काही झालं आणि मी तिकडे गेले तर माझा मुलगा मला न्यायला येईल आणि त्याला त्याच्याच घरी परत येता येणार नाही. मला आजही ते आठवलं की राग येतो. रोजच्या पॉडकास्टांमध्ये हा विषय आला, चांगला आला, घटनातज्ज्ञ बोलले, अडकलेल्यांचे आवाज आले. पण रोजच्या कार्यक्रमाचा हा स्वभावच की उद्या विषय बदलतो. ज्यांच्या घरात तो विषय दोन आठवडे मुक्काम ठोकून होता त्यांना दुसऱ्या दिवशी बजेटबद्दल ऐकताना कसं वाटलं असेल याचा अंदाज स्टुडिओत बसलेल्या माणसाला येणं कठीण आहे, आणि तो यावा म्हणून तिथे आपली माणसं असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

शिवाय काकूंची व्यवहारातली अडचण वेगळीच. मेडिकेअर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड नाही. लस सगळ्यांना फुकट होती, व्हिजिटरलासुद्धा, पण कुठे जायचं हे आम्ही ऐकत होतो त्यातल्या एकाही एपिसोडमधून कळलं नाही. एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर सरळ सांगितलं की कार्ड नाही तर जमणार नाही. शेवटी ग्रुपमधल्या एका ताईने सांगितलं की राज्य सरकारच्या मोठ्या केंद्रावर जा, तिथे लागत नाही. मग मेच्या मध्यावर काकू कार्लटनच्या रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगमध्ये गेल्या. १८८० ची ती घुमटाची इमारत, १९०१ मध्ये देशाची पहिली संसद तिथे सुरू झाली आणि १९१९ च्या फ्लूच्या साथीत तिथेच हॉस्पिटल होतं. काकू इतिहासाच्या शिक्षिका, पाटी वाचून त्यांनी नर्सला विचारलं की तेव्हा किती खाटा होत्या इथे. डोस झाला, पंधरा मिनिटं बसवलं, घरी आल्या. चार ते वीस दिवस सून रोज विचारायची, आई डोकं दुखतंय का, पायात गोळा येतोय का. कुठल्या दुखण्याकडे लक्ष द्यायचं आणि कुठल्याकडे नाही हे त्यांना पाठ झालं होतं, आणि भीती कमी झाली ती त्यामुळे, कारण आता काय बघायचं ते माहीत होतं.

मुलाचं वेगळं. ४३. एप्रिलच्या नियमाने त्याला फायझर, पण त्याच्या वयाला नंबरच लागत नव्हता. मेच्या शेवटी मेलबर्नमध्ये पुन्हा रुग्ण सापडले, चौथा लॉकडाऊन लागला आणि इथल्या विक्टोरिया राज्याने ४० ते ४९ वाल्यांना फायझर उघडली. बुकिंगच्या फोन लाइन लगेच कोलमडल्या. त्याला मिळाली, पण त्यात पॉडकास्टचा काही संबंध नाही, सकाळपासून रीडायल करत बसला म्हणून मिळाली.

सुनेचं प्रकरण सगळ्यात अवघड झालं. १७ जूनला अटागीने वयाची रेघ पन्नासवरून साठवर नेली. २८ जूनच्या रात्री मॉरिसननी नॅशनल कॅबिनेटनंतर, म्हणजे राज्यांच्या प्रमुखांबरोबरच्या बैठकीनंतर सांगितलं की चाळीशीच्या आतल्यांनाही हवी असेल तर जीपीशी, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरशी बोलून ॲस्ट्राझेनेका घ्या, डॉक्टरांना कायदेशीर संरक्षण देऊ. आणि ३० जूनला क्वीन्सलंडच्या चीफ हेल्थ ऑफिसर जेनेट यंग म्हणाल्या की अठरा वर्षांचं पोर, ज्याला कोविड झाला तरी बहुधा काही होणार नाही, ते लसीमुळे दगावलेलं मला नको. दोन आठवड्यांत तीन अधिकारी आवाज, तिन्हींची दिशा वेगळी. सून ३८. मग काय करायचं तिने?

इथे रोजच्या पॉडकास्टने जे केलं ते मला मोलाचं वाटतं. तीन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून बघता आली. कोण कशाबद्दल बोलतंय ते कळलं. अटागी सांगतेय की देशभर कुठली लस कुणाला बरी, पंतप्रधान सांगतायत की दार बंद नाही, आणि यंगबाई बोलतायत ते क्वीन्सलंडच्या त्या दिवसाच्या आकड्यांवरून आणि अगदी तरुण मुलांबद्दल. आणि तोवर सिडनीत डेल्टा पसरत होता, तिथे २६ जूनपासून लॉकडाऊन, त्यामुळे २४ जुलैला अटागीनेच सांगितलं की सिडनीत राहणाऱ्या सगळ्या प्रौढांनी जी मिळेल ती लस घेण्याचा गांभीर्याने विचार करावा, ॲस्ट्राझेनेकासकट. म्हणजे एप्रिलमध्ये पुण्यासाठी जो हिशोब होता तो जुलैत सिडनीला लागू झाला. सुनेने हे ऐकलं आणि पॉज न करता म्हणाली, आई, आठवतंय ना, मामांना सांगितलं होतं तेच आहे हे. तिने आपल्या जीपीशी बोलून ठरवलं की मेलबर्नमध्ये रुग्ण हाताबाहेर गेले तर ॲस्ट्राझेनेका लगेच घ्यायची, नाहीतर फायझरसाठी थांबायचं. ऑगस्टच्या शेवटी तिच्या वयाला फायझर खुली झाली, ती घेतली. तिच्याच मैत्रिणीने, वय ३६, जुलैत ॲस्ट्राझेनेका घेतली, ती हॉस्पिटलात कामाला होती, तिचा हिशोब वेगळा. दोघींचंही बरोबर.

जुना ऑडिओ

आता जे बिघडलं ते. जुलैच्या मध्यावर, पाचव्या लॉकडाऊनमध्ये, आमच्या भागातल्या ग्रुपवर एक दीड मिनिटाचा तुकडा फिरायला लागला. कुठल्यातरी न्यूज पॉडकास्टमधून कापलेला, पन्नाशीच्या आतल्यांनी ही लस का टाळावी ते शांतपणे सांगणारा. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. पण तो एप्रिलचा होता. तारीख कुठेच नाही, बोलणाऱ्याने आज आणि काल म्हटलेलं, आणि ऐकणारा आज म्हणजे आजच समजणार. सिडनीतल्या एका कुटुंबाने तो ऐकून ठरलेली अपॉइंटमेंट रद्द केली, जिथे खरोखर लाट होती तिथे. ती रद्द झाल्याचं कळल्यावर सुनेने रात्री अकरा वाजता त्यांना फोन लावून अर्धा तास बोलून पुन्हा घ्यायला लावली.

रोजचा पॉडकास्ट नाशवंत माल आहे. ज्या दिवशी केला त्या दिवशी तो चोख असतो. बनवणाऱ्यांना हे माहीत असतं, उद्या दुरुस्ती करता येईल या भरवशावरच ते आज बोलू शकतात. पण फाइल फोनमध्ये राहते, कापली जाते, पुढे ढकलली जाते आणि मागे उद्याचा एपिसोड नसतो. पेपरच्या कात्रणावर निदान तारीख दिसते. माझं म्हणणं आहे की आरोग्याबद्दल, पुराबद्दल, आगीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक रोजच्या कार्यक्रमाने तारीख आवाजात बोलावी, सुरुवातीला आणि मध्ये एकदा. एवढं साधं आहे हे, चार सेकंद लागतात.

सुनेने ते स्वतःपुरतं केलं. त्या तुकड्यानंतर ती रोज सकाळी ऐकून झालं की दोन मिनिटांचा मराठी ऑडिओ ग्रुपवर टाकायला लागली, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, आज अमुक वार, अमुक तारीख, हे मेलबर्नसाठी आहे, उद्या बदलू शकतं. त्यात तिचं मत नसायचं. काल काय होतं, आज काय बदललं, कुणासाठी बदललं, झालं. ज्येष्ठ मंडळी वाट बघायला लागली त्याची. भाषांतर केलेली सरकारी पत्रकं होती, पण पत्रकाला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि हिला ग्रुपवर लगेच विचारता यायचं, ए जरा सांग ना, माझी शुगर आहे, मला चालेल का, आणि ती म्हणायची मी डॉक्टर नाही काका, पण जीपीला नेमकं हे विचारा.

एकाच आवाजावर विसंबण्याचा धोका मात्र होताच आणि तोही सांगायला हवा. मार्च २०२० मध्ये स्वाननी ऑस्ट्रेलिया इटलीच्या दोन तीन आठवडे मागे आहे असं म्हटलं होतं. तसं झालं नाही. बॉर्डर आणि लॉकडाऊनमुळे झालं नाही हे खरं, पण लोकांच्या मनात ते राहिलं. आणि २०२२ मध्ये टीव्हीवर बोलताना त्यांनी शेन वॉर्न आणि सिनेटर किंबरली किचिंग यांच्या मृत्यूंचा कोविडशी संबंध असू शकतो असं म्हटलं, पुरावा नसताना, आणि मग त्यांना माफी मागावी लागली. इतकी वर्षं पुराव्यावर बोट ठेवणाऱ्या माणसाकडून हे व्हावं याचं मला वाईट वाटलं. रोज बोलायचं म्हटलं की ज्या दिवशी सांगण्यासारखं काही नसतं त्या दिवशीही बोलावं लागतं, अंदाजाचा मोह तिथून येतो. कोरोनाकास्टमध्ये टेगन शेजारी होती, ती विचारायची की हे कशावरून. टीव्हीच्या त्या चार मिनिटांत तसं कुणी नव्हतं. म्हणून मला एकट्या जाणकारापेक्षा जाणकार आणि अडवणारा अशी जोडी जास्त भरवशाची वाटते.

पुढे कोरोनाकास्ट आठवड्यातून एकदा झालं, मग थांबलं, आणि त्याच दोघांनी व्हॉट्स दॅट रॅश नावाचा वेगळा आरोग्याचा कार्यक्रम सुरू केला. द सिग्नलही बंद झालं, त्याजागी समँथा हॉली यांचं एबीसी न्यूज डेली आलं. ॲस्ट्राझेनेका ऑस्ट्रेलियात मार्च २०२३ मध्ये पूर्ण थांबवली.

काकूंचा दुसरा डोस बारा आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, सहाव्या लॉकडाऊनच्या सुरुवातीला झाला. मेलबर्नचे सगळे लॉकडाऊन मिळून २६२ दिवस भरले, त्या सगळेच्या सगळे इथे होत्या. डिसेंबरमध्ये परत जायचं ठरलं तेव्हा नवीन अडचण, प्रवासाला लसीचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट हवं, ते तेव्हा मेडिकेअरमधून निघायचं आणि काकूंकडे मेडिकेअर नव्हतं. त्यासाठी आयएचआय नावाचा वेगळा आरोग्य नंबर काढून तो मायगव्ह या सरकारी ऑनलाइन खात्याला जोडावा लागायचा. हे आमच्या कानावर कुठल्याच पॉडकास्टमधून आलं नाही. सुनेने दोन संध्याकाळी हेल्पलाइनवर घालवून ते शोधलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर ऑडिओ टाकला, तारीख सांगून, कुठल्या स्क्रीनवर काय दाबायचं, पासपोर्टवरचं नाव आणि लसीच्या नोंदीतलं नाव सारखं आहे का ते आधी तपासा, वडिलांचं नाव मधे आलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. आईवडिलांना परत पाठवायच्या तयारीत असलेल्या आमच्या ग्रुपमधल्या घरांनी तो ऑडिओ थांबवत थांबवत ऐकून फॉर्म भरले.